अर्जदार जिवंत असतो

"मयत कोण?"

मी मान वर न करताच विचारलं. सवयच तशी. पनवेलच्या कचेरीबाहेर चिंचेखाली माझं टेबल, टेबलावर जुना अमेरिकन टाइपरायटर, आणि समोर येणाऱ्या दहांतले आठ जण घरातलं कुणीतरी गेलं म्हणून आलेले. बाप गेला, सातबाऱ्यावर नाव चढवायचंय. नवरा गेला, दाखला पाहिजे. पहिला प्रश्न मयत कोण, दुसरा अर्जदार कोण, तिसरा नातं काय. तीन उत्तरं मिळाली की माझी बोटं आपोआप पळतात.

"अजून नक्की नाही," समोरून आवाज आला. "तीन-चार जण आहेत. सगळे अमेरिकेतले."

मी मान वर केली.

फिकट निळी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, छातीशी विटेएवढं जाड पुस्तक. आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू... सुटेल की काय असं.

"अमेरिकेत जमीन आहे का तुमची?" मी विचारलं. काय पण प्रश्न!

आता ते हसू सुटलं. "जमीन नाही हो. कविता आहेत. मेलेल्या कवींच्या, मरणावर लिहिलेल्या. त्यांच्यावरचा निबंध टाइप करून हवाय. तीन प्रती. कराल?"

खरं सांगतो, मी आजवर कविता टाइप केली नव्हती. पण त्या क्षणी तिने अमेरिकेची सगळी लोकसंख्या टाइप करायला सांगितली असती तरी मी कार्बन पेपर काढायला घेतले असते.

"करतो की," मी म्हटलं. "अर्जदार कोण?"

"वेणू बळीराम," ती म्हणाली. "आणि अर्ज नाही. निबंध."

हे एकसष्ट सालचं. दिवाळी होऊन गेली होती.

*

वेणू पनवेलजवळच्या कोन गावची. बाप बळीराम मिठागरात राबलेला माणूस, पण पोरीला त्याने मॅट्रिक केलं, मास्तरीण केलं, आणि एक दिवस मुंबईला नेऊन बी.ए.साठी नाव घालून आला. बाहेरून परीक्षा द्यायची. त्यांच्या गावात तोवर पोरगाही बी.ए. झालेला नव्हता. मग त्याआधीच्या माघात बळीराम गेला. तीन दिवसांच्या तापाने.

ती पनवेलच्या शाळेत शिकवायची. मुंबईचे एक प्रोफेसर तिला रविवारी शिकवत. त्यांनी निबंध लिहायला दिला होता : अमेरिकन कवी मरणाकडे कसं बघतात, त्यांची तुलना करा. निबंध पसंत पडला तरच ते परीक्षेच्या फॉर्मवर सही करणार होते. मुदत माघ संपेपर्यंत.

मधल्या सुट्टीत ती दोन-दोन पानं घेऊन यायची. अक्षर सुंदर, पण खाडाखोड इतकी की तिलाच शेजारी बसून वाचून दाखवावं लागे. मी टाइप करायचो. माझी बोटं पटापट चालतात ही पंचक्रोशीत ख्याती. त्या दिवसांत ती फार हळू चालायला लागली. का ते तुम्ही ओळखलंच असेल.

"इंग्रजी कुठे शिकलात?" तिने एकदा विचारलं.

"मेलेल्या माणसांकडून."

"म्हणजे?"

"मॅट्रिकला गणिताने पाडलं. मग टायपिंग शिकलो. अर्ज टाइप करता करता डिक्शनरी बघायची. मयताला काय म्हणतात, मागे कोण राहिलं त्याला काय म्हणतात... माझं सगळं इंग्रजी मरणातच आहे. बाजारात जाऊन इंग्रजीत वांगी मागायची तर मला यायची नाहीत."

ती इतकी हसली की कचेरीतला शिपाई बाहेर येऊन बघून गेला.

"मग तुम्हीच योग्य माणूस," ती म्हणाली. "ऐका."

आणि ती वाचायची. कवींची नावं मी टाइप केली, पण उच्चार अजून जमत नाहीत, म्हणून इथे लिहीत नाही. पण कविता लक्षात आहेत.

एकीत मरण म्हणजे शेजारीण. दुपारी येते, पायरीवर टेकते, काही न बोलता सुपातले अर्धे वाटाणे आपल्याकडे ओढून सोलायला लागते. सोलून झाले की म्हणते, चल. बाई उठते. बस.

दुसरीत एक म्हातारी. मरण दारात येतं आणि ती त्याला झापते : आलास तर आलास, पण पाय पुसून ये, आत्ताच सारवलंय.

"ही आमच्या कोनची वाटते," वेणू म्हणाली.

आणि तिसरी. एक चक्कीवाला नदीच्या पाण्यावर चक्की चालवायचा. मरताना पोरांना सांगून गेला, रोज पहाटे पाण्याची फळी उघडायची. पोरं उघडतात. नदीने कधीच वाट बदललेली असते. चक्कीखाली नुसती वाळू. तरी पोरं रोज पहाटे फळी उघडतात आणि पाण्याची वाट बघत उभी राहतात, कारण बाप सांगून गेला.

ही वाचताना तिचा आवाज जरा खाली गेला. मी मशीन थांबवलं.

"तुम्हाला कुणाचं पटतं?" मी विचारलं.

"तुम्हाला?"

"मला म्हातारीचं. मरण आलं तर मी म्हणेन, बस जरा, ही ओळ पूर्ण होऊ दे."

"आणि ओळ कुणाची असेल?"

मी मशीनकडे बघितलं. तिच्याकडे बघवेना. "सध्या तरी... तुमचीच चालू आहे."

तिने नुसता पदर सारखा केला. उद्या येते म्हणाली आणि छत्री विसरून गेली. डिसेंबरात, ऊन लागतं म्हणून आणलेली छत्री. मी ती रात्रभर टेबलाखाली ठेवली नाही, घरी नेली. कुणी चोरेल म्हणून. असं आईला सांगितलं.

*

जानेवारी आला आणि पनवेल वेडं झालं. अष्टग्रही! आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार, असं जो तो म्हणायला लागला. कापडबाजारात होमहवन, देवळात सप्ताह. आणि माझ्या टेबलासमोर मृत्युपत्रं करून घ्यायला रांग.

"जग बुडणार असेल तर मृत्युपत्र वाचणार कोण?" मी एका म्हाताऱ्याला विचारलं.

"ते मला काय विचारतोस? तू टाइप कर," तो म्हणाला.

रांगेत सगळ्यात शेवटी वेणू उभी असायची. "माझे मयत घाई करत नाहीत," म्हणायची. "आधी यांचं उरका."

"पाच फेब्रुवारीला जग बुडालं तर?" मी तिला म्हटलं.

"तर बरं होईल," ती म्हणाली. पटकन. आणि लगेच जीभ चावली.

निबंध सगळा झाला होता. एकच परिच्छेद राहिला होता, शेवटचा. तुलना करून झाल्यावर निष्कर्ष काय, हा. तो काही ती आणत नव्हती. रोज कोरा कागद घेऊन यायची आणि कोराच घेऊन जायची.

"हे काय चाललंय?" त्या दिवशी मी मशीनवर झाकणच घातलं. "शेवटचा परिच्छेद लिहायला एक महिना? आणि जग बुडालेलं बरं?"

तिने इकडेतिकडे बघितलं. रांग गेली होती. मग तिने सांगितलं.

बापाच्या दहाव्याला गाढी नदीवर सगळं गाव जमलं होतं. पिंड ठेवला. कावळा काही शिवेना. आता आपल्याकडे कसं, कावळा शिवला नाही म्हणजे मेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली. एकेक जण पुढे होऊन हात जोडून वचन देतो. वेणूचा काका काशीराम पुढे झाला. दादा, वहिनीला सांभाळीन. कावळा नाही. दादा, मिठागराचा बांध घालून घेईन. कावळा नाही. एक तास झाला, दीड तास झाला. ऊन डोक्यावर. बायका रडायला लागल्या. शेवटी काका ओरडला, "दादा, वेनूचं लगीन आवऱ्याच्या तुळशीरामशी लावून देतो! वर्स सरलं की लावतो!"

"आणि," वेणू म्हणाली, "शब्द तोंडातून निघतो न निघतो... करंजाच्या झाडामागून एकदम पाच-सहा कावळे. तुटून पडले पिंडावर."

मी स्टूल जरा पुढे ओढलं.

"तुळशीराम, तो आवरे गावचा, वाईट माणूस नाही. मासेमारीचा मचवा आहे त्याचा. पण त्याच्या घरच्यांनी आधीच कळवलंय, पुस्तकं माहेरीच ठेवून यायची. अकरा फेब्रुवारीला बाबांचं वर्षश्राद्ध. फाल्गुनात लग्न. परीक्षा एप्रिलात." ती हसली, पण ते पहिल्या दिवशीचं हसू नव्हतं. "आता सांगा, निष्कर्ष काय लिहू? शेजारीण खरी? म्हातारी खरी? मी तर रोज पहाटे फळी उघडतेय. ज्या बापाने मला मुंबईला नेऊन नाव घातलं, त्याचीच ही इच्छा असेल असं वाटत नाही हो... पण कावळा शिवला ना. सगळ्या गावासमोर शिवला."

"किती वाजले होते तेव्हा?" मी विचारलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"दोन वाजत आले असतील. का?"

"आणि... करंजाच्या झाडामागून?"

"हो. झाडामागे कुणीतरी डबा आपटल्यासारखा आवाज पण झाला. का हो?"

"काही नाही," मी म्हटलं.

आयुष्यात मी फार खोटं बोललेलो नाही. हे बोललो.

*

त्या दिवशी करंजामागे मी होतो.

आमच्या धंद्याची एक रीत सांगतो. वारसाच्या अर्जावर सगळ्या वारसांचे अंगठे लागतात. चार भाऊ, तीन बहिणी, सात गावांना दिलेल्या. कुठे फिरणार? पण दहाव्याला सातही जण एका जागी सापडतात. म्हणून मी शाईचं पॅड आणि कागद घेऊन सरळ नदीवरच जायचो. त्या दिवशी वरच्या वळणावर दुसऱ्या एका घरचं दहावं होतं. अंगठे घेऊन झाले, भूक लागली, मी करंजामागे सावलीत डबा उघडला. भाकरी आणि सुकट. आईने कांदा घालून परतलेली, अर्ध्या नदीला वास जाईल अशी.

सगळे कावळे माझ्याभोवती. वीस तरी असतील. मला गंमत वाटत होती. मी तुकडे टाकत बसलो, पुस्तक वाचत बसलो, घाई कसली? कितीतरी वेळ. मग डबा संपला, मी तो दगडावर आपटला, हात झाडून "हूश!" केलं. कावळे उडाले. आणि खालच्या अंगाने आरडाओरडा ऐकू आला, "शिवला! शिवला रं!" मला आठवतंय, मी मनात म्हटलं होतं, बरं झालं बिचाऱ्यांचं.

बिचारे ते हे.

दोन दिवस मी जेवलो नाही नीट. सांगावं, तर तिला वाटणार हा लग्न मोडायला गोष्ट रचतोय. आणि लग्न मोडावं असं मला वाटत नव्हतं का? वाटत होतं. ओरडून वाटत होतं. तेच तर अवघड होतं. आणि दुसरं, तिच्या बापाचा शेवटचा निरोप म्हणून जे तिने वर्षभर उराशी धरलं, ते सुकटीचं होतं हे कुठल्या तोंडाने सांगू?

पण गप्प बसलो तर तिचं फाल्गुनात लग्न. पुस्तकं माहेरी.

मला तोंडाने बोलता येत नाही नीट. टाइप करता येतं. तिसऱ्या दिवशी पहाटे मी मशीनला कोरा कागद लावला आणि एका दमात बडवलं. इंग्रजीत, कारण माझ्या मशीनला मराठी येत नाही. मराठीत सांगायचं तर असं :

"मी, दिनानाथ, वय चोवीस, धंदा टायपिंग, राहणार पनवेल, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, मयत बळीराम यांच्या दहाव्याच्या दिवशी मी गाढी नदीच्या काठी करंजाच्या झाडामागे सुकट-भाकरी खात बसलो होतो. त्या वेळेत परिसरातले सर्व कावळे माझ्याकडे होते. डबा संपल्यावर मी त्यांना हाकललं आणि ते पिंडाकडे गेले. त्यांचं येणं आणि न येणं, दोन्ही माझ्यामुळे. मयताचा त्यात काही संबंध नव्हता.

माझ्या धंद्यात मी शेकडो अर्ज टाइप केले. मयताने केलेला एकही पाहिला नाही. अर्जदार नेहमी जिवंत असतो.

हे सांगण्यात माझा स्वार्थ आहे. मला अर्जदार वेणू आवडतात. पण वरचं सगळं खरं आहे आणि हेही खरं आहे. दोन्ही वेगवेगळं धरावं."

खाली सही केली. निबंधाच्या तीन प्रतींखाली तो चौथा कागद ठेवला.

दुपारी ती आली, प्रती घेतल्या, चाळता चाळता चौथ्यापाशी थांबली. उभ्याउभ्या वाचला. एकदा. मग परत. मी मशीनच्या रिबनीशी उगाच खेळत होतो, बोटं काळी झाली.

"सुकट," ती म्हणाली.

"हो."

"वर्षभर मी रोज रात्री बाबांना विचारत होते, असं का मागितलंत माझ्याकडे?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज दगडासारखा. "भांडत होते मी त्यांच्याशी. मेलेल्या माणसाशी. आणि तुमी... तुमी डबा खात व्हता!"

तिची गावची बोली मी पहिल्यांदा ऐकली. चिडल्यावर आली.

"आणि हे शेवटचं काय लिहिलंय? एकाच कागदावर? लाज नाय वाटली?"

"वाटली," मी म्हटलं. "म्हणून वेगळं धरा असं लिहिलं."

ती तरातरा निघून गेली. कागद मात्र चारही घेऊन गेली.

*

पाच फेब्रुवारी उजाडली. जग बुडालं नाही. मृत्युपत्रं केलेले लोक जरा लाजतच बाजारात फिरत होते. मला मात्र काहीतरी बुडाल्यासारखं वाटत होतं. आठवडाभर मधली सुट्टी झाली की मी शाळेच्या रस्त्याकडे बघायचो. कोणी यायचं नाही. शेवटी मी ठरवलं, अकराला आपणच कोनला जायचं. काकासमोर उभं राहायचं, तोंडाने सांगायचं. मारलं तर मारलं.

जावं लागलं नाही. दहा तारखेला संध्याकाळी एक उंच, काळासावळा, डोक्याला पंचा बांधलेला माणूस टेबलासमोर येऊन उभा राहिला. मी सवयीने विचारणार होतो मयत कोण, पण त्याचे डोळे बघून गप्प बसलो.

"दिनानाथ टायपिस्ट तूच कं?"

"हो."

"मी काशीराम. वेनूचा काका. उद्या सकाली नदीवं ये. पोरगी बोलते, साक्षीदार आल्याबिगर पिंड ठेवू देनार नाय." तो जायला वळला, मग थांबला. "आन डबा आनू नको."

*

गाढीला त्या दिवसांत पाणी कमी. गोटे उघडे. पन्नासेक माणसं असतील. पुरुष पुढे, बायका मागे दाटीवाटीने. भटजी म्हातारे, सारखे उन्हाकडे बघत होते. वेणू आईला धरून बसली होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही. म्हणजे एकदा बघितलं.

पिंड ठेवला. सगळे मागे सरले.

कावळा नाही.

करंजावर दोन बसले होते, चोची घासत. खाली यायला तयार नाहीत. लोकांची कुजबुज सुरू झाली. काकाने माझ्याकडे रोखून बघितलं. मी दोन्ही रिकामे हात वर केले.

अर्धा तास गेला. काकाच्या कपाळावर घाम. तो पुढे झाला, हात जोडले. "दादा... तुला बोललो तसं फाल्गुनात वेनूचं लगीन..."

"काका, थांबा."

वेणू उठली होती. बायकांच्या घोळक्यातून सरळ पुढे आली, पिंडापाशी. आईने पदर ओढला, तिने तो सोडवून घेतला.

"मला बोलायचं हाय बाबांशी."

"वेनू, गप बस गो..."

"नाय बसनार." ती हात जोडून उभी राहिली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "बाबा, मी काय वचन देनार नाय. तुमी काय मागितलं नव्हतं, मला ठावं हाय. जिवंतपनी मागितलं ते एकच, शीक. मी सांगाया आले. एप्रिलात परीक्षा हाय. मी बसनार. लगीन करीन तवा माझ्या मनानं करीन. कावला येऊंदे, नायतर नको येऊंदे."

सगळं गाव करंजाकडे बघायला लागलं. मी पण. आता एकाने तरी खाली यावं ना? एवढी ती बोलली!

कावळे चोची घासत राहिले.

मागून कुणीतरी म्हणालं, "बघा. नाय पटलं बलीरामला."

वेणूने मान वळवली नाही. ती तशीच उभी. मला वाटलं, आता मोडेल. नाही मोडली.

"भटजीकाका," ती म्हणाली, "कावळा आलाच नाही तर काय करतात?"

भटजींनी परत एकदा उन्हाकडे बघितलं. "दर्भाचा करतात. मला अजून शिरढोणला जायचंय." त्यांनी चार काड्या घेतल्या, पिळल्या, गाठ मारली, चोच काढली, आणि तो गवताचा कावळा पिंडाला टेकवला. "झालं. शिवला."

"चालतो असा?"

"शास्त्रात आहे. का नाही चालणार?"

"मग गेल्या वर्षी पण असाच केला असता तर?"

"चालला असता की. मी म्हणणारच होतो. पण तुझा काका वचनावर वचन द्यायला लागला, मध्ये कोण बोलणार?"

कुणीतरी फिसकन हसलं. काका मात्र हसला नाही. तो तिथेच एका गोट्यावर बसला. मग त्याने मला बोटाने जवळ बोलावलं.

"तुजा तो कागुद वेनूनं वाचून दाखवला मला," तो हळू म्हणाला. "खरा हाय?"

"शपथेवर खरा."

"सुकट कुटची व्हती?"

"उरणची. आई मागवते."

त्याने मान हलवली. "उरनची सुकट टाकून पिंडावं कंचा कावला येईल?" आणि मग एकदम त्याचा आवाज बदलला. "म्हंजे... तवर दीड तास आला नाय, तो दादा माझ्यावं रुसला म्हनून नाय? ताप आला तवा मी बोललो, जाईल उद्या. डागतर नाय आनला. मला वाटलं, त्याचाच राग..."

"नाही काका. सुकट होती. नुसती सुकट."

त्या उंच माणसाने पंचा सोडला आणि त्यात तोंड घातलं. वेणू येऊन त्याच्या शेजारी बसली. त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मी तिथून बाजूला झालो.

थोड्या वेळाने काका उठला, नाक पुसलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुळशीरामला मी सांगंन. पोरगी परीक्षेला बसंल." मग वेणूकडे वळून, "पास झाली नाय तं बघ."

*

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आली. रांगेत कुणी नव्हतं. समोर बसली.

"लिहून घ्या. शेवटचा परिच्छेद."

मी कागद चढवला.

ती इंग्रजीत सांगत गेली, मी टाइप करत गेलो. अर्थ असा की, हे कवी मरणाकडे वेगवेगळ्या वाटांनी जातात. कुणी त्याला शेजारी बसवतो, कुणी पाय पुसायला लावतो. पण चक्कीवाल्याच्या पोरांना ज्याने बांधलं ते मरण नव्हतं. ती पोरांचीच भीती होती. मेलेले काही मागत नाहीत. मागतात ते मागे राहिलेले, त्यांच्या नावाने.

"अर्जदार नेहमी जिवंत असतो," ती म्हणाली. "हे पण घाला. कुणाचं वाक्य ते खाली लिहा."

"माझं नाव? प्रोफेसर विचारतील हा कोण."

"सांगेन, करंजामागचे एक विद्वान आहेत."

मी शेवटचं टिंब मारलं. कागद काढला नाही. काढला की ती जाणार.

"तुमच्या प्रतिज्ञापत्रात दोन गोष्टी होत्या," ती म्हणाली. टेबलावरच्या पिनांशी खेळत. "वेगवेगळ्या धरा म्हणालात. पहिली काल झाली."

"आणि दुसरी?"

"दुसरीला माझी एक अट आहे."

कचेरीतून शिक्के मारल्याचे आवाज येत होते. ठक, ठक. माझ्या छातीतून येतायत असं वाटत होतं.

"आमच्या घरी सोपं जाणार नाही," ती म्हणाली. "तुमच्याही. जात वेगळी, गाव वेगळं. काका एकदा रडला म्हणून रोज ऐकेल असं नाही. आणि आधी परीक्षा."

"आधी परीक्षा," मी म्हटलं. "मी थांबतो. एप्रिल, मग निकाल, मग काका, मग माझी आई. यादी टाइप करून ठेवतो. ही झाली अट?"

"ही नाही." तिने मान वर केली. "आपल्यातलं जे कुणी आधी जाईल ना, त्याने मागच्याकडून काही मागायचं नाही. मागच्याने पण त्याच्या नावाने कुणाकडून मागायचं नाही. दर्भाचा कावळा. पाच मिनिटांत काम. कबूल?"

मी इतके अर्ज टाइप केले. इतकं मरण. पण दोन जिवंत माणसांनी समोरासमोर बसून त्याच्याबद्दल असं आपलं ठरवून टाकलेलं पहिल्यांदा बघत होतो. आणि त्यातला एक मी होतो.

"कबूल," मी म्हटलं.

"मग करा टाइप. तीन प्रती."

"तीन कशाला?"

"एक तुम्हाला, एक मला. एक काकाला, वेळ आली की."

मी नवीन कागद लावला, मध्ये दोन कार्बन. बोटं मशीनवर ठेवली. आणि सवयीने, अगदी सवयीने, तोंडातून निघून गेलं, "मयत कोण?"

"कुणी नाही," वेणू म्हणाली. पिशवीतून तिने एक डबा काढला, टेबलावर ठेवला, झाकण उघडलं. कांदा घालून परतलेली सुकट. चिंचेवर लगेच पंखांची फडफड झाली. "दोघंही अर्जदार. लिहा. आणि आधी खाऊन घ्या... ते बघा, आले."